दहा बाय आठच्या खोलीत गाणे ऐकण्यासाठी पाच हजारांत कोणते स्पीकर घ्यावेत?

काळीएक

नमस्कार. मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहतो. संख्याशास्त्राच्या एम. एस्सी.चे दुसरे वर्ष चालू आहे आणि गेली चार वर्षे मी ख्यालगायन शिकतो आहे. खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि सुमारे नऊ फूट उंच आहे. भिंती जाड विटांच्या आहेत, जमीन मात्र लाकडी तुळयांवरची आहे आणि आमच्या बरोबर खाली घरमालक आजी-आजोबा राहतात. खोलीत माझ्यासोबत आणखी एक मुलगा आहे. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि रात्री दहानंतर त्याला शांतता लागते.

सध्या मी लॅपटॉपच्याच स्पीकरवर ऐकतो. विलंबित एकतालात डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि रियाजासाठी मोबाइलवर तानपुरा लावला की नुसती वरची भणभण कानावर येते. गुरुजींकडे मिरजेचा तानपुरा आहे. तो ऐकून घरी आले की हे आणखीच जाणवते. हेडफोन आहे, पण तो लावून गाताना स्वतःचा आवाज नीट कळत नाही, म्हणून स्पीकरच हवेत.

शिकवण्या घेऊन पाच हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. मागच्या आठवड्यात एका दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने दोन छोटे स्पीकर आणि एक मोठा वूफर (खालच्या स्वरांची वेगळी पेटी) असा संच लावून दाखवला. दुकानात तो फार भारदस्त वाटला. पण तसाच संच मित्राच्या खोलीवर ऐकला, तर गायक जणू पिंपात बसून गातो आहे असे वाटत होते. असे का होते, वूफरचा संच घ्यावा की नुसते दोन स्पीकर, वॅट किती असावेत आणि वापरलेले घेणे शहाणपणाचे आहे का, हे कृपया सांगावे. माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा आधाराचा सा, हार्मोनियमच्या काळी एकवर आहे. ऐकतो ते मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत.

खर्जषड्ज

तुम्ही खोलीची मापे आणि स्वतःची पट्टी दोन्ही सांगितलीत, हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या दोन गोष्टींतच आहे. मी पंचवीसेक वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम केले आहे आणि त्यातली बरीच वर्षे अशाच लहान खोल्यांत गेली आहेत.

आधी खोलीविषयी. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एखादा खालचा स्वर अडकून घुमतो, आणि तो कोणता हे भिंतींमधल्या अंतरावर ठरते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला आणि त्याला अंतराच्या दुपटीने भागले की तो स्वर मिळतो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून लांबीमुळे साधारण ५७ हर्ट्‌झला घुमारा येईल. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर, म्हणून रुंदीमुळे साधारण ७१ हर्ट्‌झला. आता काळी एकच्या तानपुऱ्यातल्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या, तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्‌झ असतो. म्हणजे तुमच्या खोलीची रुंदी आणि तुमचा खर्ज जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन बसले आहेत. या खोलीत मोठा वूफर आणलात, तर खर्जाची तार छेडली की भिंतीच गाऊ लागतील आणि त्या गाजेत बाकीच्या तारांची जवारी, म्हणजे त्यांचा झंकार, बुडून जाईल. मित्राच्या खोलीवर तुम्हाला जे पिंप ऐकू आले, त्याचे अर्धे कारण हे आहे.

उरलेले अर्धे कारण त्या संचाच्या रचनेतच आहे आणि गाणे ऐकणाऱ्याने ते नीट समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. स्वस्त संचातले दोन छोटे स्पीकर इतके लहान असतात, की साधारण दीडशे ते दोनशे हर्ट्‌झच्या खालचे सगळे काम वूफरच्या पेटीकडे सोपवावे लागते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सप्तकातला षड्‌ज सुमारे १३९ हर्ट्‌झला असतो आणि मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्‌झला. म्हणजे गायक मंद्रात आलाप करत असताना त्याच्या आवाजाचा पाया टेबलाखालच्या पेटीतून येतो, त्यावरचे अंशस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर) टेबलावरच्या स्पीकरमधून येतात, आणि तो मध्यमाच्या वर सरकला की सगळाच आवाज हळूहळू टेबलावर चढतो. एका गळ्याचे असे दोन तुकडे झाल्यावर आलापातली सलगता कुठून राहणार? नाच-गाण्याच्या ठेक्याला ते चालून जाते. ख्यालाला चालत नाही. म्हणून तुम्ही वेगळ्या वूफरच्या पेटीशिवायचे दोन स्पीकरच घ्या, या बाबतीत माझ्या मनात शंका नाही.

मग लहान स्पीकरमध्ये खर्ज ऐकू येईल का, अशी काळजी तुम्हाला वाटेल. तानपुऱ्याची तार वाजते तेव्हा मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अंशस्वरांची रांग वाजते, आणि जवारीमुळे ते अंशस्वर फार समृद्ध असतात. मूळ स्वर क्षीण असला तरी कान त्या रांगेवरून तो ओळखून घेतो. म्हणून स्पीकर शंभर हर्ट्‌झपर्यंत प्रामाणिकपणे उतरत असेल, तर खर्जाची जागा तुम्हाला निश्चित कळेल. मोबाइलचा स्पीकर कित्येक शे हर्ट्‌झच्या खाली काहीच देत नाही, त्यामुळे रांगेतले खालचे बरेच अंश नाहीसे होतात आणि उरते ती तुम्ही म्हणता ती भणभण.

वॅटविषयी थोडक्यात. खोक्यावरचा पीएमपीओचा आकडा वाचूच नका, त्याला काहीही अर्थ नसतो; आरएमएस असे लिहिलेला, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा, आकडा पाहा. साधारण स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८५ डेसिबल आवाज देतो. तुम्ही पाऊण मीटरवर बसणार, आणि रात्री ऐकण्याची पातळी ६५ डेसिबलच्या आसपास असेल. त्याला वॅटचा शंभरावा भागही लागत नाही, आणि तान अंगावर आली तरी काम एका वॅटच्या आत होते. दहा फुटांवरचा स्पीकर अडीच फुटांवर आणलात, तर थेट कानावर येणारा आवाज बारा डेसिबलने वाढतो, म्हणजे सोळा पट वॅट फुकट मिळाल्यासारखे आहे. जवळ बसण्याचा दुसरा लाभ याहून मोठा: भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजाच्या मानाने थेट आवाज वरचढ राहतो, आणि खोली लहान असल्याचे दुःख बरेच कमी होते.

टेबल आठ फुटी भिंतीला, म्हणजे आखूड भिंतीला लावा. दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला यावा, आणि स्पीकर कोपऱ्यात मुळीच ठेवू नयेत. तुमची पाठ मागच्या भिंतीला टेकलेली नसावी, कारण खालचे स्वर भिंतीपाशी सर्वांत जास्त फुगतात.

काळीएक

आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. टेबल सध्या दहा फुटी भिंतीला, खिडकीखाली आहे आणि खुर्ची खोलीच्या मध्यावर येते. ते बदलून पाहतो. एक शंका उरते. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर निम्म्या पैशांत मिळतात. ते पुरतील का, की पूर्ण रक्कम एकाच चांगल्या जोडीवर घालावी?

तपकीरगल्ली

यूएसबीच्या स्पीकरविषयी हिशेब सोपा आहे. जुन्या पद्धतीच्या यूएसबी खाचेतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज मिळते. दोन्ही स्पीकरना मिळून तेवढीच. खोक्यावर दहा वॅट लिहिले असले तरी त्या खाचेतून ते सतत निघू शकत नाहीत. तरीही जवळून ऐकायला ही जात अगदी टाकाऊ नाही. क्रिएटिव्हच्या पेबलसारख्या जोडीत स्पीकरचे तोंड पंचेचाळीस अंशांत वर, कानाकडे वळवलेले असते आणि टेबलावर ती आवाजाच्या मानाने थोडी जागा घेते. बोलणे, नाट्यपदे, सतार ही तिच्यावर स्वच्छ ऐकू येतात. पण दोन इंचांच्या आसपासच्या पडद्याकडून (स्पीकरच्या हलणाऱ्या भागाकडून) डग्ग्याची अपेक्षा धरू नये, आणि तुमची पहिली तक्रार डग्ग्याचीच आहे.

तुमच्या गरजेला चार इंची वूफर (इथे वेगळी पेटी नव्हे, प्रत्येक स्पीकरमधलाच खालच्या स्वरांचा पडदा) आणि वेगळा ट्वीटर असलेली, एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडी फळीच्या) पेटीतली जोडी शोभेल. या वर्गात एडिफायरची आर१२८०टी ही जोडी पुष्कळांना माहीत आहे: चार इंची वूफर, १३ मिलिमीटरचा रेशमी घुमटाचा ट्वीटर आणि दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस. प्रीसोनसच्या साडेतीन इंची एरिसचे नावही ऐकू येईल. नव्याला या दोन्ही तुमच्या रकमेपुढे जातात. म्हणून मी वापरलेल्या जोडीच्या बाजूचा आहे. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे; तिथे जुन्या म्युझिक सिस्टिममधून निघालेल्या, अंगचा अँप्लिफायर नसलेल्या पेट्याही मिळतात. अशा पेट्यांना टीपीए३११६ या चिपचा छोटा अँप्लिफायर आणि त्याला पुरेसा अ‍ॅडॉप्टर जोडला, की कमी पैशांत फार चांगले काम होते. तयार जोडी मिळाली तर उत्तमच, पण शोधण्याची तयारी असेल तर हा दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यातला बिघडलेला भाग पुढे सुटा बदलता येतो.

वापरलेले स्पीकर पाहताना घाई करू नका. आधी जाळी काढायला सांगा. पडद्याभोवतीची कडा रबराची असेल तर बोटाने दाबून ती लवचिक आहे का ते पाहा. कडा फोमची असेल तर सरळ नको म्हणा. फोम आपल्या हवेत काही वर्षांत कुजून त्याचा चुरा होतो. मी कॉलेजात असताना घेतलेल्या पेट्यांची कडा पहिल्याच पावसाळ्यानंतर हाताला चिकटून आली होती, आणि विकणाऱ्याने अर्थातच परत घेतल्या नाहीत. मग पडद्याच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो अगदी हलकेच सरळ आत दाबा. आतून खरखर आली तर कॉइल (पडद्यामागचे तारेचे वेटोळे) घासते आहे असे समजावे आणि ती पेटी बाजूला ठेवावी.

सोबत एक साधा दीड व्होल्टचा सेल आणि दोन तारा न्या. सेलचे धन टोक लाल खाचेला आणि ऋण टोक काळ्या खाचेला क्षणभर टेकवले की ‘थप्प’ असा आवाज येऊन वूफर बाहेरच्या बाजूला सरकला पाहिजे. दोन्ही पेट्यांत तो एकाच दिशेला सरकायला हवा. एक बाहेर आणि दुसरा आत जात असेल, तर कधीतरी दुरुस्ती करताना कोणीतरी तारा उलट्या जोडल्या आहेत.

अंगचा अँप्लिफायर असलेली जोडी घेत असाल, तर काही न वाजवता आवाजाचे बटण पूर्ण वर फिरवा आणि पाऊण मीटरवर कान ठेवून ऐका. दुकानात रहदारीमुळे जी ‘सूं’ कळत नाही, ती तुमच्या खोलीत रात्री अकरा वाजता आलापाच्या मागे सतत ऐकू येईल.

शेजारचीखोली

मी खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी मांडते, कारण लाकडी जमिनीच्या वाड्यात मी तीन वर्षे काढली आहेत. खालचे स्वर हवेतून जातात त्याहून जास्त टेबलाच्या पायांतून तुळयांत आणि तुळयांतून खालच्या छतात उतरतात. जुन्या योगासनांच्या चटईचे जाड तुकडे कापून प्रत्येक स्पीकरखाली आणि टेबलाच्या पायांखाली घाला. सतरंजीची घडी त्याखालोखाल चालते. आमच्या खालच्या काकूंची तक्रार आवाजाच्या उंचीची नव्हतीच, त्यांच्या फडताळातल्या वाट्या किणकिणत होत्या. चटईचे तुकडे घातले त्या दिवसापासून ती किणकिण थांबली. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, हेही लक्षात असू द्या. पण त्याहून आधी, कोणत्या वेळी रियाज करणार हे आजी-आजोबांना स्वतः जाऊन सांगा.

दुसरे, ब्लूटूथचा मोह टाळलेला बरा. त्यात आवाज सहसा एक-दोन दशांश सेकंद उशिरा येतो. तानपुऱ्याला त्याने काही बिघडत नाही, परंतु गाण्याचे चित्रण पाहताना सम आणि हाताची थाप जुळत नाही. शिवाय काही ब्लूटूथ स्पीकर आवाज फार हळू झाला की आपोआप झोपी जातात आणि आलापाची पहिली लकेर गिळून टाकतात. साधी तार स्वस्त आहे आणि ती असे काही करत नाही.

काळीएक

सर्वांच्या सल्ल्याने काम झाले, म्हणून सविस्तर कळवतो. तीन शनिवार तपकीर गल्लीत फिरलो. पहिल्या दोन वेळी पाहिलेल्या पेट्यांपैकी एकीची कडा फोमची होती आणि दुसरीची कॉइल घासत होती. तिसऱ्या शनिवारी जुन्या म्युझिक सिस्टिममधली, रबरी कडेची चार इंची जोडी सव्वीसशे रुपयांत मिळाली. अँप्लिफायर, अ‍ॅडॉप्टर आणि तारा धरून एकूण चार हजार तीनशे खर्च आला. दुकानात गर्दी होती आणि सेल न्यायला मी विसरलो होतो.

खोलीवर आणून टेबल आखूड भिंतीला फिरवले, चटईचे तुकडे घातले आणि ओळखीचा मारुबिहाग राग लावला. तबल्याची चाट स्वच्छ होती, पण गायकाची जागाच सापडेना. आवाज दोन्ही भिंतींना चिकटल्यासारखा, मधली जागा रिकामी, आणि डग्गा तर लॅपटॉपपेक्षाही पातळ. फार वाईट वाटले. पैसे गेले असेच धरून चाललो होतो. मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि तारा टेकवल्या. उजव्या पेटीचा वूफर बाहेर आला, डाव्या पेटीचा आत गेला. डाव्या पेटीला जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करून तेच गाणे पुन्हा लावले, आणि गायक माझ्या समोर, लॅपटॉपच्या किंचित वर, बरोबर मध्यावर येऊन बसला. डाव्या हाताला तबला, उजवीकडे थोडी मागे हार्मोनियम. डग्ग्याची मींड पहिल्यांदाच माझ्या खोलीत ऐकू आली. सोबतीही पुस्तक मिटून ऐकत बसला होता.

तानपुऱ्याबाबत खर्जषड्ज यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. खुर्चीवर बसून ऐकताना चारही तारा वेगळ्या कळतात आणि खर्जही भरीव वाटतो. तिथून उठून पाठ बाजूच्या भिंतीला टेकवली की खर्ज एकदम फुगतो आणि जोडाच्या (मधल्या दोन) तारा त्याखाली दबतात. रियाजाला मी आता खोलीच्या रुंदीच्या मध्याजवळ बसतो. आजींना वेळ सांगून आलो आहे. सकाळी सात ते आठ त्यांना चालते.

एकच त्रुटी राहिली आहे. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक गुणगुण येते आणि चार्जर काढला की थांबते. मोबाइलवरून वाजवताना ती अजिबात येत नाही. यावर काय करता येईल?

तपकीरगल्ली

मोबाइलवर गुणगुण येत नाही, म्हणजे पेट्या आणि अँप्लिफायर दोन्ही निर्दोष आहेत. विजेवर लावलेली दोन उपकरणे ध्वनीच्या तारेने एकमेकांना जोडली, की चार्जरमधून झिरपणारा बारीकसा प्रवाह त्या तारेवाटे वाट काढतो आणि तोच तुम्हाला ऐकू येतो. आधी चार्जर आणि अँप्लिफायरचा अ‍ॅडॉप्टर एकाच पट्टीत, शेजारच्या दोन खाचांत लावून पाहा, आणि चार्जर तीन पिनांचा असेल तर त्या खाचेला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरे भोक असते पण त्याच्या मागे तारच नसते. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, त्यात विजेचा धक्का बसण्याचा धोका आहे.

एवढ्याने गेले नाही तर ध्वनीच्या तारेत मध्ये घालायचा ग्राउंड लूप आयसोलेटर काही शे रुपयांत मिळतो. त्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात आणि फार स्वस्त घेतल्यास खालचे स्वर थोडे क्षीण होतात, म्हणून दुकानात तो घालून आणि काढून, एकदा डग्ग्याचा बोल ऐकून मगच घ्या. तोवर ऐकण्याआधी लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घ्या आणि ऐकताना तो बॅटरीवरच चालू द्या.